भेट, अमानत आणि दुसरी प्रत

उर्दूतला 'अमानत' हा शब्द मराठीत आला आणि 'अनामत' झाला. दोन अक्षरांनी जागा बदलल्या, अर्थ मात्र जागच्या जागी राहिला. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे ठेवलेली आहे. ती आपली नाही, आणि मागितली त्या दिवशी ती जशीच्या तशी परत करणे आपल्यावर बंधनकारक आहे, असा तो अर्थ. वाचनालयात नाव घालताना आपण अनामत रक्कम भरतो ती याच अर्थाने. भेट, तोहफा, हदिया ही याच्या उलट जातीची वस्तू. भेट दिली की देणाऱ्याचा हक्क संपतो. घेणाऱ्याने ती जपली तर चांगलेच. हरवली तर त्याची हळहळ त्याच्यापुरती.

पैसा, दागिने, जमिनीचे कागद यांच्या बाबतीत हा फरक आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतो. शेजारीण लग्नाला परगावी जाताना बांगड्या ठेवायला देते, तेव्हा आपली आई त्या आपल्या डब्यात ठेवते, पण हातात घालत नाही. प्रश्न असा आहे की संगणकात साठवलेल्या माहितीच्या बाबतीत हा फरक आपण ओळखतो का? आणि ज्या संगणकावर चालणारी सगळी प्रणालीच आपल्याला भेट म्हणून, एक पैसाही न देता मिळालेली आहे, तेथे भेट कोठे संपते आणि अमानत कोठे सुरू होते?

हा प्रश्न आम्ही एका लहान उदाहरणावर तपासून पाहणार आहोत. समजा, तालुक्याच्या गावी मोहल्ल्यातले एक वाचनालय आहे. मराठी आणि उर्दू मिळून आठ-नऊ हजार पुस्तके, सहाशेच्या आसपास सभासद, पाच-सात जणांची कार्यकारिणी, आणि संध्याकाळी दोन तास बसणारा एक ग्रंथपाल. कोणीतरी जुना संगणक देणगी दिला. अभियांत्रिकी शिकलेल्या एका तरुणाने त्यावर डेबियन लिनक्स बसवले, त्यावर 'कोहा' नावाची ग्रंथालय प्रणाली बसवली, आणि सुट्टीत मुलांना हाताशी धरून सगळ्या पुस्तकांच्या नोंदी केल्या. हे चित्र काल्पनिक असले तरी वाचकांपैकी अनेकांना ते ओळखीचे वाटेल.

आता या 'कोहा'विषयी थोडे सांगितले पाहिजे. न्यूझीलंडमध्ये होरोव्हेनुआ नावाच्या भागातील एका ग्रंथालय संस्थेची जुनी संगणक प्रणाली सन २००० उजाडल्यावर तारखांच्या घोटाळ्यामुळे निकामी होणार होती. नवी महागडी प्रणाली घेण्याऐवजी त्यांनी १९९९ साली कटिपो या स्थानिक कंपनीकडून स्वतःची प्रणाली लिहवून घेतली. २००० च्या जानेवारीत ती वापरात आली, आणि त्याच वर्षी तिचा सगळा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, जगाला खुला करण्यात आला. आज भारतातील अनेक महाविद्यालयांची आणि संस्थांची ग्रंथालये तिच्यावर चालतात. 'कोहा' हा माओरी भाषेतला शब्द आहे. त्याचा अर्थ भेट. पण माओरी लोकांच्या रीतीत ही भेट एकतर्फी नसते. पाहुणा यजमानाकडे कोहा घेऊन जातो, तेव्हा त्यातून दोघांमध्ये देण्याघेण्याचे नाते तयार होते. स्वीकारणाऱ्यावर काहीतरी येऊन पडते. आमच्या मते या एका शब्दात ओपन सोर्सची सगळी नीती सामावलेली आहे.

कोहा ज्या परवान्याखाली मिळते तो जीएनयू जनरल पब्लिक लायसन्स. त्याची दुसरी आवृत्ती १९९१ ची आणि तिसरी २००७ ची. हा परवाना वाचणाऱ्याला दोन गोष्टी ठळक दिसतात. पहिली, प्रणाली वापरण्याचे, तपासण्याचे, बदलण्याचे आणि वाटण्याचे स्वातंत्र्य. दुसरी, कसलीही हमी नाही. प्रणाली आहे तशी दिली आहे. तिच्यामुळे माहिती नष्ट झाली तरी लिहिणारे जबाबदार नाहीत, असे त्यात स्पष्ट म्हटलेले आहे. काहींना हे वाचून धक्का बसतो. ते म्हणतात, मग पैसे देऊन नामांकित कंपनीची प्रणाली घेतलेली बरी. पण विकतच्या प्रणालींचे करारही कधी शेवटपर्यंत वाचून पाहावेत. तेथेही कंपनीची जबाबदारी बहुधा भरलेल्या रकमेपुरती बांधून घेतलेली असते. सहाशे सभासदांच्या नोंदी गेल्या तर त्या कोणतीही कंपनी कोणत्याही रकमेला परत लिहून देऊ शकत नाही.

म्हणून आम्ही असे म्हणतो की त्या जुन्या संगणकात दोन वस्तू आहेत आणि त्या एकाच डिस्कवर शेजारी शेजारी असल्या तरी त्यांची जात वेगळी आहे. डेबियन, कोहा आणि माहिती ठेवणारा मारियाडीबी हा डेटाबेस ही भेट. डिस्क जळली तर ही भेट जगात शेकडो ठिकाणांहून पुन्हा मिळेल, तितकीच ताजी आणि तितकीच फुकट. पण कोणाकडे कोणते पुस्तक आहे, कोणी किती अनामत भरली, आणि अमक्या सभासदाने आपल्या मरहूम वडिलांच्या नावाने दिलेली चाळीस पुस्तके कोणती, या नोंदी जगात दुसऱ्या कोणाकडेही नाहीत. ही अमानत. ती गेली तर गेली. भेट देणाऱ्यांनी आपले काम केले; अमानत आम्ही आमच्या हाताने घेतली आहे.

नोंद हरवली म्हणजे काय होते, हे शाळेत काम करणाऱ्या आम्हा लोकांना वेगळे सांगावे लागत नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली एक ओळ, म्हणजे नाव, वडिलांचे नाव, जात, जन्मतारीख, जन्मस्थळ, ही लिहिताना दोन मिनिटे लागतात. चाळीस वर्षांनी त्या ओळीची नक्कल मागायला माणूस नातवाला घेऊन येतो. जातीच्या दाखल्याची पडताळणी असो की पासपोर्ट असो, त्याचे अडलेले काम त्या ओळीवर अवलंबून असते. त्या वेळी "वाळवी लागली", "पावसात भिजले" ही उत्तरे खरी असली तरी ती त्याच्या उपयोगाची नसतात. वाचनालयातली नोंद इतकी जीवनमरणाची नसेल. तरीही पुस्तक परत केलेल्या मुलाच्या नावावर ते बाकी दिसणे आणि ते खोडून काढायला काहीच पुरावा नसणे, हा अन्याय लहान असला तरी अन्यायच आहे.

मग करायचे काय? उपाय आहेत आणि ते जवळजवळ सगळे ओपन सोर्समध्येच उपलब्ध आहेत. पण प्रत्येक उपाय कशापासून वाचवतो आणि कशापासून वाचवत नाही, हे समजून घेतल्याशिवाय तो करणे म्हणजे दाराला कुलूप लावून खिडकी उघडी ठेवणे होय.

पहिला उपाय लोकांना आवडतो तो जुळ्या डिस्कचा. दोन डिस्क बसवायच्या आणि लिनक्सला सांगायचे की जे एकीवर लिहिशील तेच त्याच क्षणी दुसरीवर लिही. याला 'रेड' म्हणतात. त्यातला हा 'रेड वन' प्रकार. एक डिस्क मेली तरी वाचनालय सुरू राहते. हा गुण मोठा आहे. पण ग्रंथपालाने चुकून सभासदांची यादी पुसली, तर ती त्याच क्षणी दोन्ही डिस्कवरून पुसली जाते. विषाणूने फायली कुलूपबंद केल्या तर दोन्हीकडच्या होतात. जुळी डिस्क यंत्राच्या मृत्यूपासून वाचवते, माणसाच्या हातापासून वाचवत नाही. आरशातले प्रतिबिंब आणि फोटो यांत जो फरक आहे तोच येथे आहे. माणूस बदलला की आरसा बदलतो. फोटो काढला त्या दिवसाचा चेहरा सांभाळून ठेवतो.

तो फोटो म्हणजे डेटाबेसची काढून ठेवलेली प्रत. डेबियनवर कोहाचे तयार पॅकेज बसवले की ते रोज अशी प्रत आपोआप काढते. ही सोय करणाऱ्यांचे आभारच मानले पाहिजेत. पण मुळात ठरवून दिलेल्या मांडणीत ती प्रत त्याच यंत्राच्या एका फोल्डरमध्ये राहते, आणि मोजक्या दिवसांपलीकडच्या प्रती पुसल्या जातात. म्हणजे संगणक चोरीला गेला तर मूळ आणि प्रत दोन्ही एकाच गोणीत जातात. त्या फोल्डरमधल्या प्रती पाहून निर्धास्त राहिलेल्या कार्यकारिणीला हे कोणीतरी सांगायला हवे.

तिसरी पायरी ही प्रत दुसरीकडे नेण्याची. त्यासाठी 'आरसिंक' नावाचे साधन आहे. १९९६ साली अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ते जगासमोर ठेवले. दोन ठिकाणच्या फायलींची तुलना करून जेवढा भाग बदलला तेवढाच ते पाठवते, त्यामुळे मंद इंटरनेटवरही काम भागते. त्यानंतरच्या काळात 'बोर्ग', 'रेस्टिक' अशी साधने आली. ती एकच मजकूर दोनदा साठवत नाहीत, म्हणून वर्षभराच्या प्रतीही थोड्या जागेत मावतात. शिवाय प्रत बाहेर पाठवण्याआधी ती सांकेतिक करून कुलूपबंद करतात. आपल्या काल्पनिक वाचनालयाचा सगळा डेटाबेस एका पेन ड्राइव्हच्या कोपऱ्यात मावेल. येथे अडचण जागेची नाही, पैशाची तर नाहीच.

या सगळ्याचे एक सोपे सूत्र आहे. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने ते छायाचित्रांच्या जपणुकीच्या निमित्ताने लोकप्रिय केले. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यातली एक वेगळ्या ठिकाणी असावी. तीन, दोन, एक. आमचे विद्यार्थी हे पाढ्यासारखे पाठ करू शकतील.

'वेगळे ठिकाण' म्हणजे किती वेगळे? १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग शहरात ओव्हीएच या कंपनीच्या सर्व्हर केंद्राला आग लागली. पाच मजल्यांची एक इमारत सर्व्हरांसह खाक झाली. माणसे वाचली, पण हजारो संकेतस्थळे बंद पडली. तेथे भाड्याने सर्व्हर घेतलेल्यांपैकी काहींनी प्रती काढलेल्या होत्या. मात्र त्या प्रतीही त्याच आवारात होत्या. त्यांना त्या रात्री कळले की वेगळ्या यंत्रावर असणे आणि वेगळ्या ठिकाणी असणे यांत एका आगीचे अंतर असते. आपल्या वाचनालयापुरते बोलायचे तर शेजारच्या खोलीतले कपाट हे वेगळे ठिकाण नव्हे. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या विश्वासू सभासदाचे घर हे वेगळे ठिकाण होय, आणि नदीकाठच्या गावांनी तर ते पूररेषेच्या वर असलेले पाहावे.

येथवरचा भाग तंत्राचा झाला. नीतीचा अवघड भाग येथून पुढे आहे.

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीत एक प्रसंग घडला. जगभरचे प्रोग्रामर आपले काम ठेवतात अशी ही जागा. लिनक्स आणि पोस्टग्रेस या ओपन सोर्स डेटाबेसवर चालणारी. रात्री उशिरापर्यंत काम करून थकलेल्या एका अभियंत्याला दुय्यम सर्व्हरवरची माहिती पुसायची होती. त्याने आज्ञा दिली ती मुख्य सर्व्हरवर. लक्षात येताच त्याने ती थांबवली, पण सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचार गिगाबाइटच उरले होते. येथपर्यंत ही केवळ हाताची चूक आहे आणि हात सगळ्यांचेच चुकतात. खरा धक्का पुढे होता. प्रती काढण्याच्या आणि जपण्याच्या पाच पद्धती त्यांनी योजल्या होत्या, त्यांतली एकही भरवशाने काम करत नव्हती. रोजची प्रत काढणारा प्रोग्राम डेटाबेसच्या चुकीच्या आवृत्तीचा असल्याने अपयशी ठरत होता. ते अपयश कळवणारे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. प्रती जेथे साठायला हव्या होत्या ती जागा रिकामी होती. सहा तासांपूर्वी एका अभियंत्याने दुसऱ्याच कामासाठी हाताने काढून ठेवलेली एक प्रत होती, तिच्यावर सगळे उभे राहिले. मधल्या काळातली सुमारे ५,००० प्रकल्पांची, ५,००० अभिप्रायांची आणि ७०० नव्या खात्यांची माहिती कायमची गेली.

या प्रसंगातून आम्हाला जी गोष्ट घ्यावीशी वाटते ती अशी. प्रत काढणे हे कर्तव्याचे पहिले अर्धे आहे. ती प्रत परत उतरवून पाहणे हे दुसरे अर्धे. पहिले अर्धे यंत्र करू शकते. दुसरे माणसाला करावे लागते. आणि माणसाचे मन असे आहे की पहिले अर्धे यंत्राने केले की दुसरेही झाल्यासारखे त्याला वाटते.

अरबी, फारसी, उर्दू हस्तलिखितांच्या जगात याला एक शब्द होता. नक्कल पूर्ण झाली की कातिब किंवा विद्वान ती मूळ ग्रंथाशी ताडून पाहत असे. एकजण मूळ वाचे, दुसरा नकलेवर बोट ठेवून ऐके. या ताडून पाहण्याला 'मुकाबला' म्हणत. कोठपर्यंत मुकाबला झाला, त्याची खूण समासात केली जाई. ज्या नकलेचा मुकाबला झालेला नाही तिच्यावर जाणकार फारसा विश्वास ठेवत नसत. आज मुकाबला म्हटले की आपल्याला सामना आठवतो, कुस्ती आठवते. आमच्या वर्गात मात्र हा जुना अर्थ शिकवण्यासारखा आहे. कोहाच्या बाबतीत मुकाबला म्हणजे सहा महिन्यांतून एकदा दुसरा एखादा संगणक घ्यायचा, त्यावर कोहा नव्याने बसवायची, बाहेरच्या डिस्कवरची प्रत त्यात उतरवायची, आणि दहा सभासदांची व दहा पुस्तकांची नावे काढून ती मूळ नोंदींशी ताडायची. एका रविवारचे काम आहे. झाले की तारीख आणि ताडणाऱ्याची सही वहीत.

गिटलॅबच्या प्रसंगाची आणखी एक बाजू आहे. त्या कंपनीने काहीही लपवले नाही. दुरुस्तीचे काम चालू असतानाच ते लोकांना उघड दाखवले, आणि कोणत्या पाच पद्धती का फसल्या हे सविस्तर लिहून प्रसिद्ध केले. चूक करणाऱ्या अभियंत्याला लोकांपुढे उभे करून बळीचा बकरा बनवले नाही. आपल्याकडे संस्थांमध्ये उलटी रीत आहे. काही हरवले की प्रथम ते हरवलेच नाही असे सांगायचे, मग शिपायाने हरवले असे सांगायचे. ज्याची अमानत गेली त्याला सत्य तरी मिळाले पाहिजे, कारण दुसरे काही द्यायला आपल्याकडे उरलेलेच नसते.

प्रत घराबाहेर गेली की तिसरा प्रश्न उभा राहतो. जपण्यासाठी दुसऱ्याच्या हाती दिलेली प्रत तो उघडून पाहील का? येथे बोर्ग-रेस्टिकसारख्या साधनांचे कुलूप कामाला येते. परवलीचा शब्द ठाऊक नसेल तर ती प्रत निव्वळ निरर्थक अक्षरांचा ढीग. पण हेच कुलूप उलटतेही. ज्या तरुणाने सगळे बसवले तो नोकरीसाठी पुण्याला किंवा आखाती देशात जातो. परवलीचा शब्द त्याच्या डोक्यात. सहा महिन्यांनी डिस्क मरते, प्रत समोर असते आणि ती उघडता येत नाही. अशा कुलपाला लोहार नाही. ज्यांनी ते साधन लिहिले त्यांनाही ते उघडता येत नाही. म्हणून किल्ली बंद पाकिटात कार्यकारिणीतल्या दोन वेगळ्या माणसांकडे असावी, आणि प्रत परत कशी उतरवायची ते साध्या मराठीत किंवा उर्दूत एका पानावर लिहून ठेवलेले असावे. समाजकार्यात एकट्या माणसाच्या डोक्यात राहणारे ज्ञान हे त्या माणसाचे मोठेपण असेल. संस्थेच्या दृष्टीने ती जोखीम आहे.

आणि आता सर्वांत नाजूक प्रश्न. जे जे जपता येते ते सगळे जपावे का?

कोहामध्ये सभासदाने आजवर कोणकोणती पुस्तके नेली याचा इतिहास साठू शकतो. सभासदाची इच्छा नसेल तर तो त्याच्या नावापासून तोडून टाकण्याची सोयही तिच्यात आहे. ही सोय करणाऱ्यांनी वाचकाच्या मनाची कदर केली आहे. एखादी मुलगी कोणती कादंबरी वाचते, एखादा मनुष्य कोणत्या आजारावरचे पुस्तक नेतो, कोणी आपल्या मतांच्या विरुद्ध असलेला ग्रंथ समजून घेण्यासाठी नेतो, ही ज्याची त्याची गोष्ट आहे. पुस्तक परत आले की वाचनालयाचा हिशेब पूर्ण झाला. पुढे ती नोंद ठेवणे म्हणजे परत केलेल्या बांगड्यांचा फोटो आपल्याकडे ठेवण्यासारखे आहे.

पण येथे बॅकअप आडवा येतो. आज मूळ यंत्रावरून इतिहास पुसला तरी मागच्या वर्षीच्या डिस्कवर तो शाबूत आहे. प्रत जितकी चांगली जपली, तितके विसरणे कठीण. २०२३ साली आपल्या देशात संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने हे तत्त्व मान्य केले आहे की ज्या हेतूसाठी माहिती घेतली तो हेतू संपला की, दुसरा कोणता कायदा ती ठेवायला सांगत नसेल तर, ती पुसली पाहिजे. कायदा आपल्या छोट्या वाचनालयाच्या दारी येईल तेव्हा येईल. अमानतीचा अर्थच असा आहे की काम झाले की वस्तू परत. आणि माहितीच्या बाबतीत परत करणे म्हणजे पुसणे. म्हणून प्रती काढण्याबरोबर प्रती मोडीत काढण्याचाही नियम हवा. उदाहरणार्थ, शेवटच्या सात दिवसांच्या सात, चार आठवड्यांच्या चार, बारा महिन्यांच्या बारा, आणि त्यापलीकडच्या नष्ट. बोर्गमध्ये हा नियम एका ओळीत लिहिता येतो.

मग वडिलांच्या नावाने दिलेली ती चाळीस पुस्तके? ती तर वर्षानुवर्षे राहिली पाहिजेत. अगदी बरोबर. म्हणूनच सगळ्या नोंदी एका तागडीत घालता येत नाहीत. पुस्तकांची यादी आणि देणगीदारांनी खुशीने जाहीर केलेली नावे ही सार्वजनिक ठेव आहे. ती जितक्या ठिकाणी पसरेल तितकी सुरक्षित. या बाबतीत विकिपीडियाचा कित्ता गिरवण्यासारखा आहे. २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियासह सगळ्या भाषांतल्या लेखांच्या पूर्ण प्रती ठराविक काळाने जाहीर केल्या जातात आणि ज्याला हवी त्याने ती उतरवून घ्यावी अशी मुभा असते. मात्र लिहिणाऱ्यांचे परवलीचे शब्द आणि ईमेलचे पत्ते त्या प्रतींत नसतात. जे सर्वांचे आहे ते सर्वांना, जे एकाचे आहे ते फक्त त्याचे. वाचनालयानेही पुस्तकांची यादी दरवर्षी छापून दाखल नोंदवहीला जोडावी, शेजारच्या शाळेला एक प्रत द्यावी. सभासदांची माहिती मात्र कुलपात, आणि मुदतीपुरती.

यावर एक प्रामाणिक आक्षेप येईल, आणि तो आम्ही टाळू इच्छित नाही. कार्यकारिणीतले लोक पोटापाण्याचे उद्योग सांभाळून हे काम करतात. ग्रंथपालाला मानधन नावापुरते मिळते. अशा माणसांवर तीन प्रती, दोन किल्ल्या आणि सहामाही मुकाबला यांचे ओझे टाकणे न्यायाचे आहे का? चांगले काम करू पाहणाऱ्यांना आपण भीती घालून पळवून तर लावत नाही ना?

आक्षेपात तथ्य आहे. नीती माणसाच्या ऐपतीपलीकडे मागू लागली की माणूस नीतीच सोडतो. पण ऐपत कमी असेल तर त्यावर आमच्या समजुतीने दोन वाटा आहेत. एक, जेवढे जपता येईल तेवढेच घ्यावे. सभासदाची जन्मतारीख, आधार क्रमांक, घरातल्या माणसांची नावे हे सगळे वाचनालयाला कशाला हवे? न घेतलेल्या अमानतीचा बॅकअप लागत नाही. मोठ्यांनाही हा नियम लागू आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथे सरकारी माहिती केंद्रात बॅटऱ्यांना आग लागली. त्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायली साठवणारी ८५८ टेराबाइटची यंत्रणा नष्ट झाली. तिची बाहेर प्रत नव्हती, आणि ती ठेवायला यंत्रणा फारच मोठी होती असे कारण दिले गेले. ज्याची दुसरी प्रत ठेवण्याची आपली ताकद नाही ते एवढे साठवायला लोकांना सांगणे योग्य होते का, हा प्रश्न त्या राखेतून उरतोच. आणि दुसरी वाट, जे जमत नाही ते सांगावे. "आमच्याकडे एकच प्रत आहे, तुमची पावती जपून ठेवा," अशी पाटी लावणारे वाचनालय गरीब असेल, खोटे नाही.

शेवटी पुन्हा त्या माओरी शब्दाकडे. ज्यांनी डेबियन, कोहा, आरसिंक, बोर्ग लिहिले त्यांनी आपल्याकडे मोबदला मागितला नाही. पण भेटीची परतफेड करण्याची रीत प्रत्येक समाजात असते, आपल्यातही आहे. भरून आलेले ताट रिकामे परत पाठवत नाहीत. ज्याला येते तो दुरुस्ती लिहून पाठवील, ज्याला भाषा येते तो मराठी-उर्दू अनुवाद करील. ज्याला यातले काहीच येत नाही त्याच्याकडेही परतफेडीचा एक मार्ग आहे. त्या साधनांच्या आधाराने त्याने जी अमानत घेतली ती नीट सांभाळावी, म्हणजे फुकटची वस्तू बेभरवशाची असते असे म्हणण्याची वेळ कोणावर येणार नाही.

वाचकांपैकी अनेकजण कोणत्या ना कोणत्या संस्थेत आहेत. शाळेत, वाचनालयात, पतपेढीत, जमातीच्या कमिटीत. पुढच्या सभेत अहवाल वाचून झाला की उठून एक प्रश्न विचारावा. बॅकअप घेता का, असे विचारू नये. त्याचे उत्तर 'हो' असेच येते. शेवटची प्रत कोणत्या तारखेला परत उतरवून ताडून पाहिली, आणि वहीत सही कोणाची आहे, एवढेच विचारावे.